पाय ओढला जातोय: प्लास्टिकचा स्प्लिंट की इलॅस्टिकचा पट्टा?

पक्षाघातानंतर चालताना पंजा लोंबतो, बोटं घासतात. तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा नाही, घोट्याचा आहे. गुडघा सरळ ठेवून दुसऱ्याने पंजा हळूहळू वर ढकलावा. तो काटकोनापर्यंत येत नसेल तर पोटरी आखडली आहे. आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट, खरेदी नंतर.

आधार: पट्टा घोट्याभोवती बांधून बुटाच्या लेसला अडकवतात. तो फक्त पंजा उचलतो. पाऊल आतल्या बाजूला वळत असेल, पायात ताठरपणा असेल, तर तो अपुरा पडतो आणि घोटा मुरगळतो. स्प्लिंट म्हणजे पोटरीमागून तळव्याखाली जाणारा, पायाच्या साच्यावरून बनवलेला प्लास्टिकचा कडक आधार. तो घोटा धरून ठेवतो, गुडघ्यालाही थोडी मदत करतो.

घालणं: एका हाताने पट्ट्याचा हूक अडकवणं अवघड, स्प्लिंटचं वेल्क्रो सोपं. मात्र टाच मागे पूर्ण टेकली पाहिजे. नाहीतर पाय आत सरकतो.

मुंबईतली अडचण: घामाने कातडी सोलते, म्हणून आत गुडघ्यापर्यंतचा सुती मोजा हवाच. काढल्यावर लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर स्प्लिंट दुरुस्त करून घ्या. संवेदना कमी असेल तर रोज डोळ्यांनी तपासा. आपण घरात चप्पल घालत नाही. पण नुसता स्प्लिंट लादीवर घसरतो, घरासाठी वेगळा बूट ठेवाच.

खर्च: पट्टा स्वस्त, पण सैल पडतो. साच्याचा स्प्लिंट महाग. हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत चौकशी करावी.

घोटा स्थिर आणि फक्त बोटं अडखळत असतील तर पट्टा. घोटा वळत असेल, गुडघा दगा देत असेल किंवा लोकल-बसचा प्रवास असेल तर स्प्लिंटच.