मोडी कागद वाचायला गिम्प: काही महिने वापरल्यावर

मोडीच्या वर्गातले बरेच जण विचारतात, स्कॅन वाचायला गिम्प हा चित्रं दुरुस्त करायचा प्रोग्राम घ्यावा का. घ्यावा, फुकट आहे. फक्त त्यातली दोन-तीन हत्यारं शिका आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहू नका. मी तो एका कुलकर्णी वतनाच्या कागदांवर वापरतोय: अठराव्या शतकातली पत्रं, ताकिदी, हिशेबाचे बंद. मूळ रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, दप्तरखान्यात आहेत, माझ्या हाती नुसते स्कॅन.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो लाल चॅनेलचा, म्हणजे रंगीत चित्र ज्या लाल, हिरव्या, निळ्या थरांचं बनतं त्यातल्या लाल थराचा. पेशवेकालीन मोडी बहुतेक काजळीच्या शाईतली. काजळी लाल, हिरवा, निळा असा कुठलाही प्रकाश सारखाच गिळते. ओलीचे डाग आणि कागदाचा पिवळेपणा मात्र निळ्या प्रकाशात काळवंडतात आणि लाल प्रकाशात जवळजवळ कोऱ्या कागदाइतके उजळ दिसतात. म्हणून कलर्स, कंपोनंट्स, डीकंपोज असं जाऊन तिन्ही चॅनेल वेगळे करायचे आणि लाल तेवढा ठेवायचा. अर्धं पान व्यापणारा चहाच्या रंगाचा डाग निघून जातो आणि बोरूचं वळण तसंच राहतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी कॉन्ट्रास्ट वाढवत बसण्याचा नाद सोडला.

शाई बदलली की हिशेबही बदलतो. इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनला 1852 च्या कायद्यानं अधिकार मिळाले. त्या काळातले इंग्रजी शेरे लोखंडी शाईचे असतील, तर उडून तपकिरी झालेले असतात आणि लाल चॅनेलमध्ये तेच गायब होतात. त्यांच्यासाठी निळा चॅनेल. अक्षरांवर बसलेला कचेरीचा जांभळा शिक्काही निळ्यातच फिका पडतो.

हे सगळं स्कॅन बरा असेल तर. जेपेग फाइलमध्ये रंगाची माहिती बहुधा कमी रेझोल्यूशनवर साठवलेली असते. चॅनेल वेगळे केले की 8 × 8 पिक्सेलचे चौकोन वर येतात आणि अक्षरांच्या बारीक गाठी त्यांत हरवतात. मागायचीच असेल तर रंगीत टिफ मागा. करडा स्कॅन मिळाला तर चॅनेलची वाट तिथंच बंद. पीडीएफ मिळाली तर स्क्रीनशॉट काढू नका, पीडीएफइमेजेस नावाच्या छोट्या प्रोग्रामनं आतली मूळ चित्रं बाहेर काढा.

पान एका बाजूला काळं आणि दुसरीकडे उजळ असेल, तर लेयरची (चित्राच्या थराची) प्रत काढून तिला अक्षरं विरघळतील इतका गॉशियन ब्लर द्यायचा, म्हणजे ती धूसर करायची, आणि तिचा मोड डिव्हाइड करायचा. पार्श्वभूमी सपाट होते. पाठकोऱ्या कागदांचं काम एवढ्यावर भागतं.

पाठपोट लिहिलेल्या कागदांनी मात्र पिच्छा पुरवला. मागची शाई पुढं फुटलेली असते. मागच्या बाजूचा स्कॅन आडवा उलटवून वर ठेवायचा, युनिफाइड ट्रान्सफॉर्म या हत्यारानं सरकवून-फिरवून जुळवायचा, मोड डिव्हाइड आणि ओपॅसिटी (थराचा ठळकपणा) थोडीच. हातकागद वेडावाकडा ताणलेला असतो, त्यामुळे अख्खं पान कधीच जुळत नाही, दोन-तीन ओळींचा तुकडा घेऊनच काम करावं लागतं. शिवाय मागच्या अक्षराखाली पुढचं खरं अक्षर आलं तर तेही फिकं होतं. वैताग आहे, पण दुसरा उपाय मला सापडला नाही.

हिशेबाच्या बंदात कर्व्ह्ज हे कॉन्ट्रास्टचं हत्यार ताणताना जपा. आपल्याकडे पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या रेघांनी दाखवतात. कॉन्ट्रास्ट वाढवला की घडीची उभी रेघ नेमकी तशीच काळी होते, आणि अर्ध्याचा पाऊण होतो. म्हणून रेघ घडीच्या ओळीत वरपासून खालपर्यंत जाते का, ते मूळ रंगीत स्कॅनवर पाहूनच आकडा लिहायचा. गिम्प 3.0 मध्ये फिल्टर लेयरवर वेगळे राहतात, फिल्टरसमोरचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं की मूळ समोर. मार्च 2025 मध्ये आलेली ही सोय या कामासाठी वरदान आहे.

तारखेच्या ओळीतही तेच. तिथं शुहूर सनाचं वर्ष अरबी संख्याशब्दांत लिहिलेलं असतं. ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर 1170, इसवी 1769-70. शेवटचं अंधुक वळण धुऊन गेलं आणि ‘सबा’ उरलं, तर 1107, म्हणजे 1706-07. त्रेसष्ट वर्षांचा फरक! पत्रात माधवराव पेशव्यांचं नाव असेल तर लगेच कळतं, नसेल तर नाही.

एआयनं फोटो ‘स्पष्ट’ करणारं एक अ‍ॅपही वापरून पाहिलं. चित्र देखणं आलं, पण जिथं शाईच नव्हती तिथं त्यानं छान गोलाई काढली. मोडीत एवढ्याशा गाठीनं अक्षर बदलतं. वाचनासाठी असली फाइल मी उघडतसुद्धा नाही.

इमेजजे हा चित्रं तपासायचा आणखी एक प्रोग्राम, आणि डीस्ट्रेच हे त्याला जोडायचं, जॉन हार्मन यांनी गुहाचित्रांसाठी केलेलं प्लगिन. डीस्ट्रेच उडालेल्या तांबड्या शाईवर उत्तम चालतं. काळ्या शाईवर नुसताच रंगांचा गोंधळ.

अडचणी? मेनू डोकं फिरवणारे आहेत, आणि मोठी टिफ उघडली की माझा जुना लॅपटॉप धापा टाकतो. त्यामुळे आता आधी हव्या त्या ओळी कापून घेतो आणि मगच लेयर चढवतो. कसर लागून कागदच गेला असेल तिथं टिंबं टाकायची, तिथं कुठलाच चॅनेल चालत नाही.