सात महिने मनगटावर: आजोबांचं फेवर ल्युबा सी चीफ

दिवाळीच्या साफसफाईत आजोबांचं घड्याळ सापडलं, आजीच्या लुगड्याच्या घडीत गुंडाळलेलं. फेवर ल्युबा या स्विस कंपनीचं ‘सी चीफ’ मॉडेल. तेलपाणी करून घेतलं आणि तेव्हापासून रोज घालतोय.

हे चावीचं घड्याळ. सकाळी चहाचं आधण ठेवलं की चावी द्यायची, अडली की थांबायचं. एकदा भरलं की दीड दिवस चालतं. रोज दोनेक मिनिटं पुढे जातं, पण लोकल पकडणाऱ्याला मागे पडण्यापेक्षा ते बरंच. आताच्या घड्याळांपुढे एवढंसं दिसतं, म्हणून पहिला आठवडा ओशाळल्यासारखं वाटलं. नंतर ऑफिसातले दोन साहेब लोक हात धरून बघायला लागले.

दुरुस्तीवाल्याला पार्ट मिळतील का, ही धास्ती होती. त्याने डबाच काढून पुढे ठेवला. स्विस घड्याळाचे पार्ट इथे इतके कसे, म्हणून जरा शोधाशोध केली. अब्राहम फाव्र (आपल्याकडे त्याचंच ‘फेवर’ झालं) याने १७३७ साली स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्लला सुरू केलेला हा धंदा. १८१५ मध्ये ऑगस्ट ल्युबा भागीदार झाला आणि जोडनाव आलं. १८६५ मध्ये घरातलाच फ्रिट्झ फाव्र मुंबईत आला. म्हणजे एचएमटीच्या कितीतरी आधीपासून ही घड्याळं इथे खपत होती. लग्नात जावयाला ‘फेवरलुबा’ द्यायची पद्धत उगाच नव्हती. कंपनीची मोठी करामत म्हणजे १९६२चं बिव्हॉक (हवेच्या दाबावरून उंची सांगणारं) आणि १९६८चं बाथी (पाण्याची खोली सांगणारं). आमच्या सी चीफमध्ये यातलं काही नाही, ते फक्त वेळ सांगतं. पुढे बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांनी चावीच्या स्विस घड्याळांचं कंबरडं मोडलं आणि १९८५ मध्ये फाव्र घराण्याने कंपनी विकली. २०११ मध्ये ती टाटांच्या टायटनकडे आली, आता पुन्हा दुसऱ्या हातात आहे.

जिथे माल मुबलक, तिथे जुळवाजुळवही मुबलक, म्हणजे इकडचे तिकडचे पार्ट जोडून केलेली घड्याळं. हुरळून मी ऑनलाइन दुसरं सी चीफ मागवलं. जाहिरातीत ‘ओरिजिनल डायल’ होतं. हातात आलं तर अक्षरं जाड, कंपनीचं वाळूच्या घड्याळाचं चिन्ह तिरकं, आणि झाकण उघडल्यावर आत भलत्याच कंपनीचं मशीन! डायल झगमगीत निळा दिसला की सावध व्हा. आजोबांच्या डायलवर सहाच्या वर चहाच्या थेंबासारखा डाग आहे. दुरुस्तीवाला ‘रंगवून देऊ का?’ म्हणाला, तेव्हा मी जवळजवळ ओरडलोच.

नावात ‘सी’ असलं तरी पाण्याचं नाव काढू नका. इतक्या जुन्या सीलवर भरवसा नको, मी हात धुतानाही काढून ठेवतो. आता पाऊस तोंडावर आलाय, तेव्हा चार महिने ते पुन्हा लुगड्यात आणि मनगटावर दोनशे रुपयांचं प्लास्टिक. अधूनमधून चावी मात्र देत राहणार.