कोल्हापुरी घेताना मी आधी तळ पाहते

दिवाळीच्या तोंडावर अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला गेले होते, तेव्हा चप्पल लाइन या चपलांच्या बाजारातल्या एका लहानशा दुकानातून मी दोन हजार दोनशे रुपयांना कोल्हापुरीचा एक जोड घेतला. कमावलेल्या कातड्याच्या मूळच्या मधाळ तपकिरी रंगाचा, दोन्ही बाजूंना कान, म्हणजे पट्टा तळाशी जोडणाऱ्या चामडी पट्ट्या, असलेला, मधोमध सात पदरी वेणीचा पट्टा आणि पुढे साधा अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायचे कडे, असा हा जोड आहे. त्यावर गोंडा नाही, सोनेरी वर्ख नाही की मोती नाहीत. सहा महिने तो जवळजवळ रोज माझ्या पायात आहे, आणि माझ्या कपाटातल्या निम्म्या साड्यांना व सगळ्या कुर्त्यांना शोभणारी एवढी एकच वस्तू माझ्याजवळ आहे, असे मी आज खात्रीने सांगू शकते.

या जोडाविषयी लिहावेसे वाटले त्याला गेल्या वर्षीच्या चर्चेचेही कारण आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने पुरुषांच्या कपड्यांच्या सादरीकरणात मॉडेलांच्या पायांत जी चामडी वहाण घातली, ती पाहताक्षणी आपल्याकडच्या कोणालाही कोल्हापुरीच आठवली. परंतु कंपनीच्या वर्णनात कोल्हापूरचा किंवा भारताचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रातून जोरदार आक्षेप घेतला गेल्यावर ही रचना भारतीय हस्तकलेवरून सुचली असल्याचे कंपनीने मान्य केले, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ व कर्नाटकचे चर्मोद्योग महामंडळ यांच्याबरोबर करार करून दोन्ही राज्यांतल्या कारागिरांकडून सुमारे दोन हजार जोड बनवून घेण्याचे जाहीर केले. एका जोडाची किंमत आठशे युरोंच्या आसपास असेल, असेही त्या वेळी सांगण्यात आले. छायाचित्रांवरून मत द्यायचे तर ती वहाण मला देखणी वाटली, कारण तिच्यावर अनावश्यक काहीही नव्हते. आपल्याच बाजारात लग्नसराईसाठी आरसे, खडे आणि रंगीत फॉइल चिकटवून जी कोल्हापुरी विकली जाते, तिच्यापेक्षा त्या वहाणेचा साधेपणा मूळ वस्तूच्या अधिक जवळचा होता, आणि हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. मात्र नाव न सांगता दुसऱ्याचे घडवलेले रूप वापरणे चुकीचेच होते, आणि त्यावर आवाज उठला हे योग्यच झाले.

त्या दिवसांत करीना कपूरने आपल्या पायातल्या कोल्हापुरीचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकले, तर नीना गुप्ता यांनी दिवंगत अभिनेते लक्ष्मीकांत बेर्डे यांनी भेट दिलेली हाताने बनवलेली कोल्हापुरी दाखवली. मला स्वतःला नीना गुप्तांची निवड अधिक भावली. नव्या वस्तूला कोणाच्याही पायात चमक असते. परंतु इतकी वर्षे जपून ठेवलेली वहाण जेव्हा एखादी व्यक्ती कौतुकाने पुढे करते, तेव्हा ती वस्तू किती टिकते आणि किती जीव लावते, हे दोन्ही कळते. नटनट्यांच्या पेहरावातून आपण काही घ्यायचेच असेल, तर एकदा निवडलेली चांगली वस्तू पुन्हा पुन्हा वापरण्याची ही सवय घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

आता प्रत्यक्ष जोडाकडे वळते. कोल्हापुरी पाहताना बहुतेक जण वेणी आणि गोंडा पाहतात. मी आधी चप्पल उलटी करते. चांगल्या कोल्हापुरीचा तळ कातड्याच्या थरांचा असतो, त्यात खिळा नसतो, आणि हे थर कातड्याच्याच बारीक वादीने शिवलेले असतात. माझ्या जोडाच्या कडेला नख लावून पाहिले तर थर वेगवेगळे मोजता येतात, आणि शिलाईची वादी कडेपासून सारख्या अंतरावर टाच वळून पुन्हा अंगठ्यापर्यंत येते. टाचेच्या वळणावर टाके किंचित जवळ आले आहेत, आणि एवढ्यावरूनच ते हाताने घातलेले आहेत हे ओळखू येते. नाकाजवळ नेली की बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्याचा तुरट, मातकट वास येतो. रसायनांनी कमावलेल्या कातड्याच्या चपलेला हा वास येत नाही, त्यामुळे खरेदीच्या वेळी नाकावर विश्वास ठेवावा.

हे मी अनुभवाने शिकले. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातल्या मोठ्या दुकानातून, भरपूर वेणीकाम पाहून, मी याहून महाग जोड घेतला होता. पहिल्याच वळवाच्या सरीत त्याचा तळ फुगला, थर सुटले आणि आतून चक्क दाबलेला पुठ्ठा बाहेर आला. भाचीच्या साखरपुड्याला निघाले होते आणि वाटेत उजव्या पायाचा कान उपटला. तो संपूर्ण समारंभ मी बहिणीच्या जुन्या सपाता घालून उभी होते. चुकीची चप्पल घेतल्याचे दुःख होतेच, पण त्याहून अधिक वाईट वाटले ते कोल्हापुरीचे नाव त्या पुठ्ठ्याला चिकटल्याचे.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागात बनलेल्या वस्तूलाच ते नाव लावण्याचा हक्क, मिळाले असून, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर अशा आठ जिल्ह्यांना ते लागू आहे. महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने आता क्यूआर कोड असलेले जोडही आणले आहेत, ज्यावरून कारागिराची माहिती मिळते. माझ्या जोडावर असा कोड नव्हता, परंतु दुकानदारांना विचारल्यावर त्यांनी माप, कातडे आणि कारागिराची वस्ती यांविषयी न चिडता सगळे सांगितले. “ताई, पहिले चार दिवस चावंल, मग तुमच्या पायाची होईल,” असेही ते म्हणाले, आणि झालेही तसेच.

ती चावली मात्र चांगलीच. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी आणि पावलाच्या वरच्या हाडावर सालपट निघाले. रोज रात्री चपलेच्या पट्ट्यांना आणि अंगठ्याला आतून खोबरेल तेलाचे बोट फिरवून, पहिला आठवडा घरातच अर्धा-अर्धा तास वापरल्यावर ती नरमली. आता तिच्या तळावर माझ्या टाचेचा आणि पाचही बोटांचा ठसा स्पष्ट उमटला आहे; मधाळ रंग गडद होऊन पिकलेल्या चिकूच्या सालीसारखा झाला आहे. सुरुवातीला चालताना येणारी करकर मंदावली आहे, आणि ती मला अजून थोडी टिकायला हवी होती.

तीन गोष्टी खटकल्या. गुळगुळीत फरशीवर, विशेषतः मॉलमध्ये आणि रुग्णालयाच्या मार्गिकांत, नवा तळ घसरतो. वयस्कर व्यक्तींनी खाली पातळ रबर लावून घ्यावे, मग ते दिसायला थोडे कमी सुंदर दिसले तरी चालेल. पावसाळ्यात ही वापरता येत नाही, म्हणजे कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना वर्षाचे चार महिने ती कपाटात ठेवावी लागणार, आणि तेथेही वर्तमानपत्रात गुंडाळून, कधीमधी हवा देऊन, नाहीतर बुरशी धरते. मापांत अधले माप मिळत नाही. माझा डावा पाय किंचित मोठा असल्यामुळे तो जोड कारागिराकडून सैल करून घ्यावा लागला. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

पेहरावाच्या दृष्टीने ही चप्पल खण, इरकल आणि जाड्या सुती साड्यांवर सर्वांत खुलते, कारण तिथे काठ आणि पोत बोलत असतात आणि पायाशी शांतता हवी असते. भरजरी पैठणीवरही मी हीच साधी जोडी घालते, गोंड्याची घालत नाही. पदरावर मोर असताना पायातही गर्दी नको. निळ्या जीन्सवर पांढरा सुती कुर्ता आणि ही वहाण, हा तर माझा महाविद्यालयीन दिवसांपासूनचा आवडता वेश आहे. टाच उंच केलेली कोल्हापुरी हल्ली मिळते, पण मी ती घेणार नाही. पूर्ण पाऊल जमिनीशी समांतर टेकवून चालणे हाच या वहाणेचा डौल आहे, आणि टाच चढवली की तो जातो.

परवा त्याच दुकानात फोन करून मी पुतण्यासाठी कापशी या पारंपरिक घाटाचा, जाड तळाचा जोड सांगितला आहे. त्याच्या पावलाचा आकार कागदावर पेन्सिलीने काढून पाठवा, असे त्यांनी सांगितले. तो कागद आज टपालात टाकला.