सेकंड-हँड वॅगनआर की आय10? कोकणात घेताना आधी गाडीखाली बघा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात जुनी, छोटी पेट्रोल गाडी शोधायला निघालं की फिरून फिरून दोन नावं समोर येतात: 2010 नंतरची मारुती वॅगनआर 1.0 आणि त्याच सुमाराची ह्युंदाई आय10. कागदावर दोघींत फारसं डावं-उजवं नाही. ग्राउंड क्लिअरन्स दोन्हींचा 165 मिमी, टाकी दोन्हींची 35 लिटर. फरक आहे तो इंजिनात, स्टिअरिंगमध्ये आणि सुट्या भागांच्या उपलब्धतेत. पण खाऱ्या वाऱ्यात पत्रा कसा टिकलाय, यावर त्याहून जास्त अवलंबून आहे. म्हणून चावी मागण्याआधी गाडीखाली शिरा.

गंज कुठे शोधायचा? दाराखालचा सिल, पुढच्या मडगार्डमागचा कोपरा, मागच्या चाकाच्या कमानीची आतली बाजू, स्पेअर टायरचा खड्डा आणि बोनेट उघडल्यावर स्ट्रट (पुढचा शॉकअब्सॉर्बर) जिथे बॉडीला बसतो ती जागा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकत जा. चांगला पत्रा टणटणतो. आवाज बद्द आला की आत गंज नाहीतर पुट्टी. जॅक लावायच्या जागी जॅक चढवताना पत्रा आत दबला, तर पुढचं काही बघू नका. दोन्ही गाड्यांत दारांच्या तळाची निचऱ्याची भोकं जांभ्याच्या मातीने बुजतात, पाणी आत साठतं आणि दार आतून खालच्या कडेला कुजतं. रबरी पट्टी उचलून तिथे बोट फिरवा, पापुद्रे हाताला लागतात. मागच्या सस्पेन्शनमध्ये वॅगनआरला ट्रेलिंग लिंकचे (मागचा ॲक्सल बॉडीला जोडणाऱ्या दांड्यांचे) ब्रॅकेट तपासा, आय10ला टॉर्शन बीमवरच्या (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईवरच्या) स्प्रिंगच्या बैठका. नुकतंच मारलेलं काळंकुट्ट अंडरबॉडी कोटिंग दिसलं, तर ते झाकायला मारलंय असंच धरून चाला. डिकीतून बर्फातली मासळी नेलेली असेल, तर स्पेअर टायरचा खड्डा आधी जातो. वास परफ्यूमने झाकता येतो, भोक नाही. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने नेहमी जाणाऱ्या गाडीचे ब्रेकचे लोखंडी पाइप गंजलेत का, ते हाताने पुसून बघा.

चाकरमान्याची गावी उभी असलेली, 'फक्त 30,000 चाललेली' गाडी मोहात पाडते. हँडब्रेक ओढून पावसाळाभर उभी राहिली असेल, तर मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात, हँडब्रेकची केबल जाम असते आणि वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं. टायरला नक्षी भरपूर असली तरी बाजूवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे.

इंजिनाचं सोपं आहे. वॅगनआरचं 998 सीसी, तीन सिलिंडर, टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारी साखळी). ऑइल वेळेवर बदललं असेल तर चेनला हात लावावा लागत नाही. थंड इंजिन चालू करताना पुढून खडखड आली तर ऑइलची हेळसांड झाली म्हणायची. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) केबिन थरथरत असेल तर बहुतेक इंजिन माउंटिंग. आय10मध्ये दोन इंजिनं आहेत आणि विकणारा हे सांगतोच असं नाही. 1.1 म्हणजे 1086 सीसीला चेनऐवजी रबरी टायमिंग बेल्ट, 1.2 म्हणजे 'कप्पा' नावाच्या इंजिनाला चेन. 1.1 घेणार असाल तर बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप यांचा खर्च किमतीतून कापा. किलोमीटर कमी असले तरी रबराचं वय वाढतंच.

कुंभार्ली किंवा आंबा घाटात पाच माणसं आणि एसी घेऊन चढताना वॅगनआर सारखी दुसऱ्या गिअरला येते, 1.2 आय10 बरीच मोकळी चढते. क्लच मात्र दोन्हींचा चढावरच तपासा: तिसऱ्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी वाढली नाही, तर प्लेट संपली.

आय10चं ठरलेलं दुखणं स्टिअरिंगचं. गाडी चालू ठेवून जागेवरच स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवा. कॉलममधून टकटक आली तर बहुधा इलेक्ट्रिक मोटरजवळचा छोटा रबरी कपलर झिजलाय. कपलर स्वस्त, कॉलम उतरवायची मजुरीच जास्त. अख्खा कॉलम बदलायला सांगणाऱ्याला आधी तो कपलर बघायला लावा. खड्ड्यात पुढून ठकठक आली तर दोन्हींत संशयित तेच: लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, स्ट्रटचं माउंटिंग.

आमचा कौल असा. गावातलं रोजचं चालणं, घरात म्हातारी माणसं आणि गॅरेज म्हणजे तालुक्याचं एकच, असं असेल तर वॅगनआर. बसायला-उतरायला उंच, आणि पार्ट कुठेही मिळतो. महामार्ग आणि घाट जास्त असेल तर 1.2 आय10. 1.1 अगदीच स्वस्त आणि बेल्टच्या बिलासकट मिळाली तरच. एअरबॅग दोन्हींच्या खालच्या मॉडेलला नाहीत. बिनएअरबॅगच्या आय10ला 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत शून्य तारे मिळाले होते.

आता पासिंग. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे 2010-12 च्या गाड्यांची मुदत 2025-27 मध्ये संपते. मुदत संपायच्या आधी 60 दिवसांत फेरनोंदणीचा फॉर्म 25 भरता येतो. 1 एप्रिल 2022 पासून कारच्या फेरनोंदणीचं शुल्क 600 वरून 5,000 रुपये झालं, पर्यावरण कर वेगळा. हा खर्च कोण करणार ते सौद्यातच ठरवा. पासिंगला अडतं ते क्षुल्लक गोष्टींवर: पिवळी पडलेली हेडलाइटची काच, एका बाजूला ओढणारा ब्रेक, 1.6 मिमीपेक्षा कमी नक्षीचा टायर, गंजून न वाचता येणारा चेसिस नंबर. पीयूसीला बीएस-4 पेट्रोल गाडीसाठी आयडलला कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएम ही मर्यादा आहे. एक्झॉस्ट पाइपला ऑक्सिजन सेन्सरच्या आधीच्या जोडात गंजून गळती असेल तर सेन्सर फसतो आणि आकडे बिघडतात.

घाटमाथ्यावरची, कराड-कोल्हापूरकडची गाडी खालून कोरडी मिळण्याची शक्यता जास्त. पण तिकडेही 2019 आणि 2021 ला पूर होता, आणि चिपळूण तर जुलै 2021 मध्ये बुडालंच. विम्याच्या क्लेमचा इतिहास मागा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाण्याची रेघ आहे का बघा. वॅगनआरमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटखालचा ट्रे काढा आणि रुळांच्या खाचेत टॉर्च मारा. आय10मध्ये कार्पेटची कड उचला. फ्यूजच्या पायांवर हिरवट-पांढरी बुरशी आणि खाचेत वाळलेला बारीक गाळ सापडला, तर किंमत कितीही उतरली तरी ती गाडी सोडा.