फैजाबादमध्ये परवान्याचा कागद कोणाच्या हाती देण्याआधी

अफगाणिस्तानच्या ईशान्येला असलेल्या बदख्शान प्रांताच्या राजधानीत, म्हणजे कोकचा नदीकाठच्या फैजाबाद शहरात, माझे एक मित्र आणि मी ज्या रीतीने लुबाडले गेलो ती रीत सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. कारण वाखानकडे, म्हणजे बदख्शानच्या पूर्व टोकाच्या अरुंद डोंगरी पट्ट्याकडे, जाऊ पाहणाऱ्या मराठी प्रवाशांची संख्या थोडी असली तरी वाढते आहे, आणि आमच्यावर जे जाळे टाकले गेले ते भारतीयांसाठी, त्यातही पुण्याशी संबंध असलेल्यांसाठी, मापून शिवल्यासारखे होते. यात ना बंदूक होती, ना आवाज चढला. जे काही झाले ते चहाच्या पेल्यांवर आणि अतिशय आदराने झाले.

काबूलहून निघालेला प्रवासी सालंगचा बोगदा ओलांडून पुल-ए-खुमरी, कुंदूझ आणि तालुकान या मार्गाने फैजाबादला पोहोचतो आणि तेथे त्याला थांबावेच लागते. पुढचा रस्ता कठीण आहे हे एक कारण. दुसरे आणि खरे कारण कागदांचे आहे. परदेशी प्रवाशाला काबूलमधील माहिती व संस्कृती मंत्रालयाकडून प्रवासाचे पत्र घ्यावे लागते. तेथे त्याला मकतूब म्हणतात, आणि आम्ही त्यासाठी प्रांतामागे १००० अफगाणी, म्हणजे त्या वेळच्या भावाने साधारण पंधरा डॉलर, भरले होते. प्रत्येक प्रांतात पोहोचल्यावर त्याच खात्याच्या प्रांतिक कार्यालयात ते पत्र दाखवून नोंद करायची असते. वाखानला जायचे असेल तर फैजाबादची मोहोर घेऊन पुढे वाखानच्या तोंडाशी असलेल्या इश्काशिमला पुन्हा हजेरी लावावी लागते. पत्राशिवाय पुढच्या तपासणी नाक्यावर गाडी थांबते आणि प्रवासीही थांबतो. फैजाबादमधील प्रवासी म्हणूनच वाट पाहणारा प्राणी असतो; त्याच्याकडे वेळ असतो, रोख डॉलर असतात (परदेशी बँकांची कार्डे त्या देशात चालत नाहीत, त्यामुळे सगळा पैसा अंगावरच बाळगावा लागतो), आणि मनात धाकधूक असते. लुबाडणाऱ्याला याहून अधिक काही लागत नाही.

बाजारातल्या आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी, खालच्या चहाच्या खोलीत, आम्ही मराठीत बोलत असताना शेजारच्या बैठकीवरून एका तरुणाने “काका, पुण्याचे का?” असे विचारले. हिंदी बोलणारी माणसे त्या देशात जागोजागी भेटतात, चित्रपट आणि मालिकांमुळे भेटतात, त्याचे आता कोणाला आश्चर्य वाटत नाही. पण बदख्शानच्या डोंगरात मराठी ऐकल्यावर जे वाटते ते वेगळेच. तो फर्ग्युसन रस्त्याविषयी बोलला, मिसळीच्या तिखटाविषयी बोलला, पावसाळ्यात खोलीच्या भिंतींना येणाऱ्या बुरशीविषयी बोलला. पुण्यात शिकत असताना सुटीसाठी घरी आलो, २०२१ च्या ऑगस्टमध्ये सरकार बदलले, भारताने आधी दिलेले व्हिसा रद्द केले आणि पदवी अर्धवट राहिली, असे त्याने सांगितले. ही हकीकत शेकडो अफगाण विद्यार्थ्यांच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. पुण्याच्या महाविद्यालयांत त्या काळी अफगाण विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, अनेक जण भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर आलेले होते, आणि त्यांतील कित्येकांचे शिक्षण खरोखरच असे तुटले. त्याच्या स्वतःच्या बाबतीत ती खरी होती की नाही हे मला आजही ठरवता येत नाही. दुसऱ्यांच्या दुःखाचे भांडवल करणारा माणूस निवडकपणे खरे बोलतो, आणि म्हणूनच त्याच्याशी बोलताना संशयाला जागा राहत नाही.

आमचे पत्र पाहून त्याने मान हलवली. काबूलचे पत्र बरोबर आहे, परंतु सीमेलगतच्या भागासाठी येथे आणखी दोन कार्यालयांची संमती लागते, तुम्ही स्वतः गेलात तर आठवडा जाईल, माझे मामा तेथे आहेत, मूळ पत्र माझ्याकडे द्या, असे त्याचे म्हणणे होते. शुल्क म्हणून त्याने माणशी १५० डॉलर घेतले आणि पावतीही दिली, जिच्यावर सुबक अक्षरांत फारसी मजकूर होता. आमच्या आग्रहाला मान देऊन तो आम्हाला एका सरकारी इमारतीच्या फाटकापर्यंत घेऊनही गेला. आत मात्र तो एकटाच गेला. पाहुण्यांनी उन्हात उभे राहू नये म्हणून आम्हाला समोरच्या दुकानात चहा देण्यात आला, आणि थोड्या वेळाने तो चेहरा पाडून बाहेर आला. साहेब जिल्ह्यात गेले आहेत, उद्या या. दुसऱ्या दिवशी साहेब आले होते, पण शिक्का कुलपात होता. अशी कारणे आपल्याला परकी नसल्याने ती पटायला वेळ लागत नाही.

या थांबण्याच्या काळातच लाजवर्द, म्हणजे दागिन्यांत वापरला जाणारा निळा दगड, समोर आला. कोकचाच्या वरच्या खोऱ्यात, कुरान-व-मुंजान जिल्ह्यात, सर-ए-संगच्या खाणी आहेत. हजारो वर्षांपूर्वी मेसोपोटेमियातील ऊर येथील राजघराण्याच्या थडग्यांत ठेवलेला निळा दगड बदख्शानातूनच गेला असे पुरातत्त्वज्ञ मानतात. कोकचा पुढे अमू दर्या या नदीला मिळते त्या परिसरात हडप्पा संस्कृतीची शोर्तुगाई ही वसाहतही सापडलेली आहे. हे सारे आम्ही वाचून गेलो होतो, आणि आमचे वाचन त्या तरुणाने आमच्याकडून मोठ्या कौतुकाने वदवून घेतले. मग तो आम्हाला “मामांच्या” दुकानात घेऊन गेला. तेथे नीली म्हणजे गडद निळा, आसमानी म्हणजे फिका आणि सब्जी म्हणजे हिरवट, अशा तीन प्रती समोर मांडून, फिक्या दगडाला नावे ठेवत आणि पांढऱ्या शिरा दाखवत, मालकाने आमचा विश्वास कमावला. स्वतःच्या हलक्या मालाची निंदा करणारा दुकानदार प्रामाणिक वाटतो. शेवटी नीलीच्या मण्यांच्या माळा आणि काही घासलेले दगड मिळून ४५० डॉलरचा व्यवहार झाला.

तो दगड खोटा नव्हता, आणि ही गोष्ट पुढच्या प्रवाशांनी नीट समजून घ्यावी. लाजवर्द हा एकच खनिजाचा दगड नसून त्यात निळे लाझुराइट, पांढरे कॅल्साइट आणि सोनेरी ठिपक्यांचे पायराइट एकत्र असते. कॅल्साइट जास्त असलेला हलका दगड निळ्या रंगात बुडवून, वरून मेण चढवून ठेवला की तो उत्तम प्रतीचा दिसतो. सोनेरी ठिपके खरे असतात, वजन खरे असते, थंड स्पर्श खरा असतो. खोटा असतो तो फक्त रंग, आणि किंमत रंगाचीच असते. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात, म्हणजे ॲसिटोनमध्ये, भिजवलेला कापूस दगडाच्या मागच्या बाजूला आणि मण्याच्या भोकात घासावा. कापूस निळा झाला तर दगड घेऊ नये. मेणाचा थर जाड असेल तर पहिल्या घासण्यात रंग उतरत नाही, म्हणून त्याच जागी पुन्हा घासावे. आमच्या दुकानदाराने स्वतःहून ओला कापूस घासून दाखवला होता, पण तो पाण्याने ओला केलेला होता. पुण्यात रत्नपरीक्षा करून घेतल्यावर अहवालात “रंगवलेला” हा शब्द आला, आणि परीक्षकांनी सांगितलेली किंमत आमच्या खर्चाच्या दहाव्या भागाइतकीही नव्हती.

दुकानातून निघताना मालकाने भेट म्हणून दोन जुनी नाणी माझ्या मित्राच्या तळहातावर ठेवली आणि ती आय-खानुमची असल्याचे सांगितले. कोकचा आणि अमू दर्या यांच्या संगमावरील हे ग्रीक नगर फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १९६४ ते १९७८ या काळात उकरून काढले, आणि पुढच्या युद्धकाळात चोरांनी त्याची चाळण केली. त्यामुळे तेथील वस्तू बाजारात फिरतात हे ऐकणाऱ्याला खरेच वाटते. आमच्या हातातली नाणी बहुधा साच्यात ओतलेली असावीत, कारण कडेला जोडाची रेघ जाणवत होती. तरीही भेट परत करणे असभ्यपणाचे ठरेल या विचाराने ती खिशात गेली. अख्ख्या प्रकरणातील सर्वांत महाग वस्तू ही फुकट मिळालेली नाणीच ठरली.

पत्र अखेर मोहोर लागून मिळाले. इश्काशिमला जाणाऱ्या गाड्यांच्या अड्ड्यावर आम्ही सामान चढवत असताना साध्या वेशातील एक गृहस्थ पुढे आले, त्यांनी आपण इस्तिखबारातचे, म्हणजे गुप्तवार्ता खात्याचे, असल्याचे सांगितले आणि थेट माझ्या मित्राच्या कोटाच्या खिशाकडे बोट दाखवले. ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेण्यास अफगाण कायद्याने बंदी आहे, हे आम्हालाही ठाऊक होते. फैजाबादमध्ये २०२३ च्या जूनमध्ये प्रांताच्या उपराज्यपालांची स्फोटात हत्या झाली आणि त्यानंतर दोन दिवसांनी शोकसभा चालू असलेल्या मशिदीत पुन्हा स्फोट झाला. अशा शहरात साध्या वेशातील माणूस ओळखपत्र मागतो तेव्हा उलट त्याचेच ओळखपत्र मागण्याचे धैर्य परक्याला होत नाही. आमचा तरुण धावत आला, त्याने हात जोडले, “हे माझे काका आहेत” असे सांगितले, आणि २०० डॉलरवर प्रकरण मिटवले. नाणी त्या गृहस्थांनी जप्त केली. ती पुढच्या पाहुण्याला भेट मिळाली असतील, याविषयी मला शंका नाही.

उलगडा इश्काशिमच्या कार्यालयात झाला. तेथील अधिकाऱ्याने पत्र वाचून, मोहोर लागल्यानंतर इतके दिवस फैजाबादमध्ये कशासाठी थांबलात, असे विचारले. मोहोरेखालची तारीख आम्ही पत्र दिले त्याच दिवसाची होती. ती चांद्र हिजरी पंचांगाप्रमाणे आणि फारसी अंकांत लिहिलेली असल्यामुळे आमच्या डोळ्यांसमोर असूनही आम्हाला कळली नव्हती. कुलपातला शिक्का, जिल्ह्यात गेलेले साहेब, दोन कार्यालयांची संमती, हे सगळे त्या एका ओळीने खोटे ठरले. काम पहिल्याच सकाळी झाले होते आणि उरलेले दिवस आम्हाला दुकानापर्यंत नेण्यासाठी वापरले गेले होते. फारसी अंक शिकायला अर्धा तास पुरतो, त्यांतील चार, पाच आणि सहा एवढेच जरा फसवे आहेत, आणि हिजरी तारीख इंग्रजी तारखेत बदलून देणारी सोय फोनवर आधीच उतरवून ठेवता येते. निघण्यापूर्वी हे दोन्ही करावे.

परतीच्या वाटेवर आम्ही फैजाबादच्या प्रांतिक कार्यालयात स्वतः गेलो. तेथील कारकुनाने नोंदवही उघडून आमची नावे दाखवली, आम्ही दाखवलेली पावती त्या कार्यालयाची नाही असे सांगितले, आणि लेखी अर्ज द्या, चौकशी करू, असेही सुचवले. माणूस सरळ होता. पहिल्या दिवशी आम्ही त्याच्यासमोर स्वतः उभे राहिलो असतो तर प्रकरण चहा येण्यापूर्वीच संपले असते. परंतु अर्जात काय लिहायचे, हा प्रश्न होता. दुकानाची हकीकत लिहिली की नाणी येतात, आणि नाणी आली की आम्ही ऐतिहासिक वस्तू खिशात घालून निघालो होतो हे आमच्याच सहीने नोंदले जाते. त्यांनी भेट दिली होती ती याचसाठी. खंडणी तर तिने मिळवून दिलीच, शिवाय मागे राहिलेल्या तोंडांना कुलूपही लावले. शेवटी आम्ही फक्त बनावट पावतीपुरता अर्ज लिहिला. त्याचे पुढे काय झाले याची खबर आलेली नाही.

भारतीय दूतावासाचा आधार तेथे जवळ नाही, हेही गृहीत धरून चालावे. काबूलमधील दूतावास २०२१ च्या ऑगस्टमध्ये बंद झाला, २०२२ च्या जूनपासून तांत्रिक पथकाच्या रूपात काम सुरू झाले आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला पुन्हा पूर्ण दूतावासाचा दर्जा मिळाला. मात्र बदख्शान काबूलपासून दूर आहे आणि वाटेतला रस्ता कधी दरड कोसळून, तर कधी सालंगवरील बर्फामुळे बंद असतो.

काबूलचे पत्र मिळाल्याबरोबर त्याच्या दहा-बारा छायाप्रती काढाव्यात, कारण नाक्यांवर प्रत मागून ठेवून घेतात, आणि मूळ पत्र स्वतःच्या हातातून सुटू देऊ नये. सोबत दुभाष्या असला तरी कार्यालयाच्या फाटकातून आपण स्वतः आत जावे; परदेशी माणसाला पाहिल्याशिवाय नोंद व्हायला नको, अशीच तेथील अधिकाऱ्यांचीही अपेक्षा असते. डॉलर बाजारातल्या सराफांकडे, दोन-तीन ठिकाणी भाव विचारून बदलावेत. आमच्या तरुणाने तेही काम “मामांकडून” करून दिले होते आणि त्यात किती गेले याचा हिशेब मी नंतर केला नाही. लाजवर्द घ्यायचाच असेल तर परवान्याचे काम आटोपल्यावर, ज्या माणसाने कागदासाठी मदत केली त्याला न सांगता आणि सोबत न नेता घ्यावा, दुकानाच्या नावाची पावती मागावी आणि ती विमानतळापर्यंत जपून ठेवावी. जुनी नाणी, मूर्तीचे तुकडे, खापरे यांपैकी काहीही, कितीही प्रेमाने दिले तरी, सर्वांसमोर मोठ्याने नकार देऊन दुकानाच्या फळीवरच ठेवावे.