फेल्डवेबलला हवालदार म्हणावं का? जर्मन हुद्दे मराठीत आणताना

जर्मन सैनिकाच्या आठवणी, युद्धकादंबरी किंवा लष्करी इतिहास मराठीत करायला घेतला की पहिल्या दहा पानांतच गाडं अडतं ते हुद्द्यांपाशी. अधिकाऱ्यांचं निभावून जातं. लॉयटनंटचा लेफ्टनंट आणि हाउप्टमानचा कॅप्टन करून पुढे सरकता येतं. अडचण आहे ती त्यांच्या खालच्या फळीची: गेफ्राइटर, उंटरऑफित्सिअर, फेल्डवेबल, ओबरफेल्डवेबल. इथे भाषांतरकारापुढे तीन वाटा असतात. इंग्रजी भाषांतरातला कॉर्पोरल किंवा सार्जंट उचलायचा, भारतीय सैन्यातला हुद्दा द्यायचा, नाहीतर जर्मन नाव देवनागरीत तसंच ठेवायचं.

पहिली वाट सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत घातक. हिटलरचंच बघा. पहिल्या महायुद्धात तो बव्हेरियाच्या १६व्या राखीव पायदळ रेजिमेंटमध्ये गेफ्राइटर होता. इंग्रजीत त्याचा कॉर्पोरल झाला आणि मराठी लेखनातही अनेकदा तोच शब्द आला. वाचकाला वाटतं, चार-दहा माणसं तरी त्याच्या हुकमात असतील. प्रत्यक्षात तो निरोप पोचवणारा शिपाई होता, हाताखाली कुणीही नव्हतं. गेफ्राइटर हा नॉन-कमिशन्ड हुद्दाच नाही, तो शिपायांच्या वर्गात मोडतो. शब्दाचा मूळ अर्थ ‘मोकळीक मिळालेला’. लान्ट्सक्नेश्ट म्हणजे भाडोत्री पायदळाच्या काळात अनुभवी शिपायाला पहाऱ्यातून सूट मिळायची, त्यावरून हे नाव पडलं.

आता दुसरी वाट. गेफ्राइटरचा ‘नाईक’ केला तर काय होतं? १० जुलै १९४४ रोजी इटलीत, वरच्या टायबर खोऱ्यात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनने जर्मन ठाण्यावर हल्ला चढवला. त्यातल्या एका सेक्शनचे, म्हणजे छोट्या तुकडीचे, प्रमुख होते माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे. मशीनगनच्या माऱ्यात त्यांची सगळी माणसं मेली किंवा जखमी झाली. ते एकटे गनवर धावून गेले, ती बंद पाडली आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक म्हणजे सेक्शनचा धनी, त्या दिवशी घाडगे होते तसा. समोरच्या जर्मन फळीत दहाजणांची ‘ग्रुपे’ चालवणारा माणूस सहसा उंटरऑफित्सिअर असे. कामाच्या मापाने जोडी लागते ती नाईक आणि उंटरऑफित्सिअर यांची. गेफ्राइटरला नाईक म्हटलं की घाडग्यांच्या हुद्द्याचंच वजन कमी होतं, आणि ते मला अजिबात मान्य नाही. लान्स नाईकही थोडा वरच बसतो. ‘जुना, मुरलेला जवान’ एवढं एकदा सांगून गेफ्राइटर तसाच ठेवलेला बरा.

भारतीय हुद्द्यांचा मोह पडतो याला कारण आहे. नाईक आणि हवालदार हे शब्द आपल्याकडे शिवकाळापासून रुळलेले आहेत. महाराजांच्या घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि किल्ल्यावरही हवालदार असे. पण आजच्या मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘हवालदार’ म्हटल्यावर चौकीतला पोलीस येतो. ‘हवालदार म्युलर खंदकातून वर आला’ हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा, कान लगेच अडखळतो.

त्याहून मोठी अडचण काळाची आहे. तोच जर्मन शब्द वेगवेगळ्या काळात वेगळ्या पायरीवर बसतो. खालच्या तक्त्यात वेअरमाख्ट म्हणजे हिटलरच्या काळातलं सैन्य आणि बुंडेसवेअर म्हणजे आजचं, पायऱ्या खालून वर.

| कैसरचं सैन्य, १९१४ | वेअरमाख्ट, १९३९ | बुंडेसवेअर, आज |
|---|---|---|
| उंटरऑफित्सिअर | उंटरऑफित्सिअर | उंटरऑफित्सिअर, श्टाब्सउंटरऑफित्सिअर |
| सार्जंट | उंटरफेल्डवेबल | नाही |
| फिट्सेफेल्डवेबल | फेल्डवेबल | फेल्डवेबल |
| फेल्डवेबल | ओबरफेल्डवेबल | ओबरफेल्डवेबल, हाउप्टफेल्डवेबल |
| नाही | श्टाब्सफेल्डवेबल | श्टाब्सफेल्डवेबल, ओबरश्टाब्सफेल्डवेबल |

फेल्डवेबलची ओळ नीट बघा. १९१४मध्ये तो शिडीच्या टोकाला होता, कंपनीचा सगळा कारभार त्याच्या हातात असे. पहिल्या महायुद्धानंतर राइशवेअर हे नवं सैन्य उभं राहिलं तेव्हा सार्जंट हे नाव गेलं, फिट्सेफेल्डवेबलचा फेल्डवेबल झाला आणि जुन्या फेल्डवेबलच्या जागी ओबरफेल्डवेबल आला. व्हर्सायच्या तहाने सैन्य एक लाखावर आणलं होतं आणि शिपायाला १२ वर्षं नोकरी बंधनकारक केली होती. एवढ्या दीर्घ नोकरीत मुरलेल्या माणसांना वरच्या कामाचं शिक्षण देऊन ठेवलं गेलं. पुढे वेअरमाख्टच्या पायदळात बऱ्याच प्लॅटूनचे प्रमुख ओबरफेल्डवेबल दिसतात ते त्यामुळे. श्टाब्सफेल्डवेबल ही पायरी १९३८मध्ये जोडली गेली. थोडक्यात, १९१४च्या आणि १९४२च्या दोन्ही फेल्डवेबलांना ‘हवालदार’ केलं तर एकाचा मान जातो. जर्मन शब्द ठेवला तर निदान चूक होत नाही, फक्त पुस्तकाच्या सुरुवातीला साल पाहून एक छोटी शिडी द्यावी लागते.

‘उंटरऑफित्सिअर’ स्वतःच दोन अर्थांनी येतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. तो एका हुद्द्याचं नाव आहे आणि गेफ्राइटरच्या वरच्या, अधिकाऱ्यांच्या खालच्या संपूर्ण वर्गाचंही. मजकुरात ‘सगळे उंटरऑफित्सिअर जमले’ असं आलं की बहुधा फेल्डवेबलही त्यात धरलेले असतात. मी वर्गासाठी ‘बिनकमिशनचे अधिकारी’ लिहिते आणि हुद्द्यासाठी मूळ नाव ठेवते. या वर्गाच्या आतही एक रेघ होती: पोर्टेपे, म्हणजे तलवारीच्या मुठीला बांधायचा अधिकाऱ्यांसारखा गोंडा. तो फेल्डवेबलांना मिळे, खालच्यांना नाही. तलवारी गेल्या, पण ‘पोर्टेपेवाले’ आणि ‘पोर्टेपेविना’ हा भेद बुंडेसवेअरमध्ये आजही बोलला जातो.

एका जागी मात्र भारतीय शब्द इतका चपखल बसतो की तो न वापरणं चूक ठरेल. वेअरमाख्टमधला हाउप्टफेल्डवेबल हा हुद्दा नव्हता, नेमणूक होती. बाहीच्या टोकाशी दोन चंदेरी पट्ट्या, कोटाच्या बटणांमध्ये खोचलेली जाडजूड वही, आणि त्या वहीत हजेरी, रजा, शिक्षा सगळं. सैनिक त्याला ‘श्पीस’ म्हणत, म्हणजे भाला, आणि ‘कंपनीची आई’सुद्धा. आपल्याकडचा कंपनी हवालदार मेजर हीसुद्धा नेमणूकच, आणि त्याच्याकडेही कंपनीची शिस्त आणि हजेरी. इथे ‘श्पीस, म्हणजे आपला कंपनी हवालदार मेजर’ असं पहिल्यांदा लिहिलं की सैन्यात घरचं माणूस असलेला वाचक लगेच समजतो. सावध राहायचं ते एवढ्यासाठी की बुंडेसवेअरमध्ये हाउप्टफेल्डवेबल हा साधा हुद्दा झाला आहे. श्पीसचं काम तिथे कोंपानीफेल्डवेबल करतो, खांद्यावरच्या पिवळ्या दोरीवरून तो ओळखू येतो.

ओबरफेल्डवेबल प्लॅटून चालवतो आणि आपल्याकडे सुभेदारही चालवतो, म्हणून त्याला सुभेदार म्हणू नये. सुभेदाराकडे कमिशन असतं, जवान त्याला सॅल्यूट करून ‘साब’ म्हणतात. जर्मन सैन्यात तसा मधला वर्ग पश्चिमेकडे कधी नव्हता. पूर्व जर्मनीच्या सैन्यात मात्र १९७०च्या दशकात सोव्हिएत धर्तीवर ‘फेन्रिश’ हा स्वतंत्र वर्ग आला, बिनकमिशनवाले आणि अधिकारी यांच्या मधोमध. त्याला सुभेदाराच्या जवळचा म्हणता येईल. पण पश्चिम जर्मनीतला फेन्रिश म्हणजे अधिकारी होऊ घातलेला कॅडेट, तेव्हा पुस्तक कुठल्या जर्मनीचं आहे ते आधी पाहावं. पूर्व जर्मन आठवणींत उंटरफेल्डवेबलही १९९०पर्यंत भेटतो.

संबोधनाचं काय करायचं? ‘हेर फेल्डवेबल’ला (जर्मन ‘हेर’ म्हणजे श्रीयुत, आपला गुप्तहेर नव्हे) मी सुरुवातीला ‘फेल्डवेबलसाहेब’ करत होते, मग सोडून दिलं. वाफेन-एसएसमध्ये, म्हणजे नाझी पक्षाच्या एसएस संघटनेच्या लढाऊ दलात, ‘हेर’ लावत नसत, नुसतं ‘ओबरशारफ्युरर’ असं हुद्द्याचं नाव घेत. मराठीत सरसकट साहेब चिकटवलं की वाचकाला हा फरक ऐकूच येत नाही. तिथले हुद्देसुद्धा पक्षाच्या टोळ्यांमधून आलेले आहेत, शारफ्युररचा हवालदार करणं म्हणजे त्याचा राजकीय वास पुसून टाकणं. घोडदळ आणि तोफखान्यातला वाख्टमाइस्टर म्हणजे पायदळातल्या फेल्डवेबलचा जोडीदार. आपल्या घोडदळातही हवालदाराच्या जागी दफेदार असतो, तेव्हा टिपेत दफेदाराचा उल्लेख जरूर करावा, मजकुरात नको.

माझा कौल असा. कादंबरी आणि आठवणींत जर्मन नाव ठेवा, दोन प्रकरणांत वाचक सरावतो. वर्तमानपत्रातल्या आठशे शब्दांच्या लेखात तेवढी सवड नसते, तिथे ‘दहाजणांच्या तुकडीचा प्रमुख’ असं काम सांगून मोकळं व्हा. चित्रपटाच्या उपशीर्षकात पडद्यावर जे ऐकू येतं तेच लिहावं लागतं, म्हणून तिथेही फेल्डवेबलच. रेजिमेंटचा इतिहास लिहिताना, दोन्ही बाजूंची माणसं समोरासमोर येतात तिथे, टिपेत भारतीय जोडी द्या. आणि कॉर्पोरल-सार्जंट कुठेच नको. बुंडेसवेअरमध्ये २०२१पासून ‘कोर्पोराल’ हा हुद्दा खरोखरच आला आहे, आणि तो शिपायांच्या वर्गात आहे. जुन्या जर्मन संस्थानांच्या फौजांत मात्र कोर्पोराल बिनकमिशनच्या अधिकाऱ्यांत गणला जाई. इंग्रजीतून उचललेल्या कॉर्पोरलचा मागोवा घेताना वाचक यातल्या नेमक्या कुठल्या कोर्पोरालपाशी पोचेल, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.