दोन कॉलेजं, दोन मदतपत्रं: खरंच स्वस्त कुठलं?

प्रवेश मिळाला की किती आर्थिक मदत देऊ हे कॉलेज पत्राने कळवतं. पहिल्या कॉलेजचं पत्र सांगतं: वर्षाचा खर्च १००, मदत ७०. दुसऱ्याचं सांगतं: खर्च ८०, मदत ३५. आकडे सोयीसाठी घेतलेत, चलन कुठलंही धरा. पहिल्या कॉलेजात खिशातून ३० जाणार, दुसऱ्यात ४५. घरात पहिल्याच्याच बाजूने बोलणं सुरू होतं. मदतही दुप्पट, शिवाय भरायचेही कमी. आणखी काय हवं?

हवी ती मदतीची फोड. पहिल्याच्या ७० मध्ये शिष्यवृत्ती फक्त २५ आहे, १० कॅम्पसवर काम करून कमवायचे आहेत आणि उरलेले ३५ म्हणजे कर्ज. दुसऱ्याचे ३५ मात्र सगळेच्या सगळे शिष्यवृत्तीचे. शिष्यवृत्ती तेवढी खर्चातून वजा केली, की पहिलं कॉलेज पडतं ७५ ला आणि दुसरं ४५ ला. जे व्याजासकट परत करायचं त्याला ‘मदत’ म्हणणं मला कायम खटकत आलंय, पण पत्रांत ते सर्रास एकाच बेरजेत घातलेलं असतं.

‘पण ४५ हातात नाहीतच, म्हणून तर अर्ज केला,’ हा आक्षेप रास्त आहे. मग असं पाहा. पहिल्या कॉलेजसाठी जे करणार होतात तेच दुसऱ्यासाठी करा: खिशातून ३०, काम करून १०. कर्ज उरतं ५ चं. तिकडे तेवढ्याच ओढाताणीत ३५ चं होतं. अट एकच, दुसऱ्या कॉलेजात किंवा बाहेर तसं काम मिळायला हवं. नाहीच मिळालं तरी कर्ज १५ च्या वर जात नाही.

आता हे चार वर्षांवर ताणा. दरवर्षी ३५ म्हणजे १४० चं कर्ज. व्याज १० टक्के, तेही सरळ व्याज आणि प्रत्येक वर्षाची रक्कम वर्षाच्या सुरुवातीला उचललेली, असं धरलं तर पहिल्या वर्षाच्या ३५ वर शिक्षण संपेपर्यंत १४ व्याज चढतं, दुसऱ्या वर्षाच्या रकमेवर साडेदहा, मग ७, मग साडेतीन. बेरीज ३५. म्हणजे पदवी हातात पडेपर्यंत आणखी एका वर्षाचं कर्ज नुसत्या व्याजाने उभं राहिलं, आणि पहिला हप्ता अजून जायचाय.

अर्थात कर्ज कुठलं यावर बरंच अवलंबून आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या ‘सबसिडाइझ्ड’ कर्जावर शिकत असतानाचं व्याज सरकार भरतं, ‘अनसबसिडाइझ्ड’ कर्जावर ते पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्याच्या नावे चढतं. पत्रात दोन्ही ओळी एकाखाली एक असतात, फरक त्या एका शब्दाचा. भारतातल्या बँकांच्या शैक्षणिक कर्जात साधारणपणे कोर्स संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही, पण हप्ता थांबला म्हणजे व्याज थांबलं असं नाही. जर्मनीच्या ‘बाफ्योग’ या सरकारी मदत योजनेत पदवीच्या विद्यार्थ्याला मिळणाऱ्या रकमेतला अर्धा भाग अनुदान, अर्धा बिनव्याजी कर्ज. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये वेगळीच वाट धरली: कमाई ठरावीक मर्यादेच्या वर गेली तरच करासोबत परतफेड. इंग्लंडमध्येही मर्यादेच्या वरच्या कमाईचे ९ टक्के कापले जातात आणि ठरलेल्या वर्षांनंतर उरलेलं माफ होतं. अशा कर्जाला मी बँकेच्या कर्जाइतकं भिणार नाही. नोकरी गेली तर अशा कर्जाची वसुलीही थांबते; बँकेचा हप्ता थांबत नाही, आणि सहकर्जदार म्हणून सही बहुधा आई-वडिलांची असते.

शिष्यवृत्ती म्हणजे निर्धास्त, असंही समजू नका. गुणवत्तेवर मिळालेली असेल तर ती टिकवायला किती गुण लागतात ते विचारा. शाळेत पहिला-दुसरा येणारा मुलगा कॉलेजच्या पहिल्या सत्रात घसरतो, यात नवल काही नाही. तिथे सगळेच पहिले-दुसरे आलेले असतात. गरजेवर मिळालेली असेल तर गुणांचं दडपण कमी, पण सहसा दरवर्षी पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा उत्पन्न दाखवायचं. घरात पगार वाढला किंवा शिकणारं दुसरं भावंड कमावू लागलं, की रक्कम कमी होऊ शकते. काही कॉलेजं पहिल्या वर्षी हात सैल सोडतात आणि पुढे आखडतात. म्हणून ‘हीच रक्कम चारही वर्षं मिळेल का, आणि फी वाढली तर तीही वाढेल का?’ हा प्रश्न ईमेलनेच विचारा. फोनवरचं उत्तर दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही.

बाहेरच्या संस्थांच्या छोट्या शिष्यवृत्त्यांवर उन्हाळाभर निबंध लिहीत बसण्याआधी एक तपासून घ्या: बाहेरून पैसे आले की कॉलेज स्वतःची शिष्यवृत्ती तेवढीच कापतं का? असं होतं. अमेरिकेत मेरीलँड राज्याने २०१७ मध्ये सरकारी कॉलेजांच्या या कापाकापीला कायद्याने चाप लावला. कॉलेज शिष्यवृत्तीऐवजी आधी कर्जाचा भाग कमी करत असेल तर निबंध जरूर लिहा.

पत्रातले आकडे अंतिम असतात असं बरेच जण धरून चालतात. पण अर्जातलं उत्पन्न बहुधा जुनं असतं; अमेरिकेत सरकारी मदतीसाठी भरायच्या ‘फॅफ्सा’ अर्जात तर दोन वर्षांपूर्वीच्या कर विवरणपत्रातलं. मधल्या काळात नोकरी गेली, आजारपण आलं, घर विभक्त झालं, तर फेरविचाराचा अर्ज करता येतो. त्यात गयावया नको आणि घासाघीसही नको. काय बदललं, कधीपासून, महिन्याला किती फरक पडला, आणि सोबत कागद: नोकरी संपल्याचं पत्र, हॉस्पिटलची बिलं. एक पान पुरतं. दुसऱ्या कॉलेजचं जास्त शिष्यवृत्तीचं पत्र हाताशी असेल तर तेही जोडावं, फक्त दोन्ही कॉलेजं साधारण एका तोलाची असावीत.

माझा कौल वरच्या उदाहरणात दुसऱ्या कॉलेजला, आणि तोही फार विचार न करता. पहिल्या कॉलेजात मुलीला हवा तोच विषय असेल, दुसऱ्यात नसेलच, तर गोष्ट वेगळी; मग दरवर्षी जादा पडणाऱ्या त्या ३० ची (७५ वजा ४५) किंमत काय, हे तिने आणि तुम्ही मिळून ठरवायचं. पण तेव्हाही पत्रावर सरसकट सही करू नका. सहसा शिष्यवृत्ती स्वीकारून कर्ज नाकारता येतं, किंवा ३५ पैकी २० च उचलता येतात.